स्लीव्ह बसवणाऱ्याकडे मापांचा कागद मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत नाशिकमधल्या टर्बो बसवलेल्या गाड्यांवरचा लेख वाचला. फोटो चांगले होते. अंबडच्या शेडमध्ये जाऊन, हाताला ग्रीस लागलेल्या पोरांशी बोलून कोणीतरी लिहिलं याचं बरंही वाटलं. एरवी आमच्या भागाची बातमी येते ती आग लागली किंवा संप झाला तरच. पण लेखासोबतच्या चौकटीत सिलिंडरला स्लीव्ह (आतून बसवायची धातूची नळी) बसवण्याविषयी जे छापलंय, त्यातला एक आकडा सरळ चुकीचा आहे आणि एक विधान अर्धवट आहे. आकड्यापायी कोणाचा तरी ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव भाग) जाईल आणि विधानापायी त्याच्या वडिलांचे पैसे. म्हणून हे पत्र.

चौकटीत म्हटलंय की स्लीव्ह ब्लॉकच्या भोकापेक्षा पाव मिलिमीटर मोठी ठेवावी, म्हणजे ती कधीच हलत नाही. पुढे म्हटलंय की स्टीलची स्लीव्ह पडली की ब्लॉक बुलेटप्रूफ होतो, मग बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, पाहिजे तेवढा वाढवता येतो.

हे सांगणारी मी कोण, तेही सांगते. सातपूरच्या एका कारखान्यात मी गेज रूममध्ये नोकरी केली. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू मोजायची आणि बसत नसेल तर नाही म्हणायचं, हे माझं काम. नंतर सासऱ्यांच्या इंजिन बोरिंगच्या शेडमध्ये आले. अण्णा आता मशीनवर उभे राहत नाहीत, दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि होनिंगचा (सिलिंडरची आतली भिंत दगडाने घासून मापात आणण्याचा) आवाज ऐकून दगड बोथट झालाय की नाही ते तिथूनच सांगतात. आमचं पोट भरतं ते ट्रॅक्टर आणि पिकअपच्या ब्लॉकवर. द्राक्षाच्या फवारण्या सुरू व्हायच्या आधी निफाड-दिंडोरीकडची माणसं घाईघाईने इंजिनं घेऊन येतात, तेव्हा आम्हाला जेवायला सवड नसते. टर्बोवाली पोरं त्यामानाने अलीकडची. मला ती आवडतात. वाचून येतात, प्रश्न विचारतात. फक्त त्यांचे प्रश्न सगळे ताकदीचे असतात, मापाचा एकही नसतो.

आधी ब्लॉकबद्दल. ही पोरं आणतात त्यात जुनी होंडा सिटी पुष्कळ. दीड लिटरचं इंजिन, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८४.५. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, त्यात पातळ लोखंडी स्लीव्ह ओतकामातच धरलेली. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढून वरून पाहिलं तर चारही सिलिंडर डब्यात उभ्या ठेवलेल्या पेल्यांसारखे दिसतात: खाली धरलेले, एकमेकांना टेकलेले, पण वरच्या कडेचा बाहेरच्या भिंतीशी संबंध नाही, मध्ये नुसतं पाणी. ब्लॉकचा वरचा सपाट पृष्ठभाग म्हणजे डेक, म्हणून याला ओपन डेक म्हणतात. होंडाने हे कंजुषीने केलं असं मला वाटत नाही. पाण्याचा कप्पा वरून उघडा असला की डायकास्टिंगमध्ये साच्याचा तो भाग सरळ वर ओढून काढता येतो, वाळूचा कोअर लागत नाही, ब्लॉक भराभर निघतात. शिवाय हेडजवळ, जिथे सगळ्यात जास्त तापतं, तिथे पाणी चहूबाजूंनी खेळतं. कंपनीने ठरवलेल्या ताकदीपुरतं ते इंजिन उत्तम आहे, लाख-दोन लाख किलोमीटर चालूनही आत होनिंगच्या रेघा दिसतात.

टर्बो लावला की हिशेब बदलतो. ७५ मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ४४ चौरस सेंटिमीटर. जळताना आतला दाब १०० बार धरला, आणि बूस्टवर तेवढा सहज होतो, तर पिस्टनवर साडेचार टनांचा जोर येतो. त्या वेळी कनेक्टिंग रॉड थोडा कललेला असतो, त्यामुळे त्यातला काही भाग, ढोबळमानाने तीन-साडेतीनशे किलो, पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर टाकतो. सहा हजार आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला ५० वेळा होतं. ओपन डेकमध्ये वरची कड मोकळी, म्हणून ती प्रत्येक धक्क्याला किंचित सरकते. पोरं म्हणतात ‘हेड गॅस्केट सारखं उडतंय’, आणि दरवेळी महागडं गॅस्केट आणतात. गॅस्केटचा दोष नसतो. त्याच्याखालची जमीन हलत असते.

भिंतीतला ताण काढायलाही फार विद्या लागत नाही. दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. १०० बार म्हणजे १० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, त्रिज्या ३७.५, जाडी समजा ३ मिलिमीटर. उत्तर १२५. आपल्याकडच्या मानकात एफजी २६० नावाचं ग्रे कास्ट आयर्न आहे, ते ओढून तोडायला याच मापात २६० लागतात. १२५ म्हणजे निम्म्याहून कमी, मग तुटतं का? एकदाच ओढलं तर तुटत नाही. पण लाखो वेळा ताणलं-सोडलं की ग्रे आयर्नची सहनशक्ती साधारण चाळीस टक्क्यांवर येते, म्हणजे शंभराच्या आसपास. बाहेरचं ॲल्युमिनियम थोडा भार उचलतं म्हणून इंजिन तग धरतं. त्यावर नॉकिंग (इंधनाचा अवेळी, आपोआप भडका) झालं की दाबाचे जे काटे उठतात ते या हिशेबात धरलेलेच नाहीत.

म्हणून जाड आणि चांगल्या धातूची स्लीव्ह. इथवर आपला लेख बरोबर आहे, फक्त ती बहुतेक वेळा स्टीलची नसते. ती असते एसजी आयर्नची, ज्याला डक्टाइल आयर्नही म्हणतात. ग्रे आयर्नमध्ये ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असतं, आणि प्रत्येक पापुद्र्याचं टोक म्हणजे तडा जायला आयती जागा. वितळलेल्या लोखंडात थोडं मॅग्नेशियम घातलं की तेच ग्राफाइट गोळ्या होऊन बसतं. एसजी ५००/७ या ग्रेडच्या नावातच सगळं आहे: ५०० ला तुटतं, आणि तुटण्याआधी सात टक्के लांबतं. ग्रे आयर्न एक टक्काही लांबत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हे धडे द्यायची गरज नाही, शिरोलीत असं ओतकाम रोज होतं. पण म्हणून ग्रे आयर्न टाकाऊ समजू नये. त्याच्या पापुद्र्यांत तेल टिकतं, घासायला ते गुणी आहे. ट्रॅक्टरचा लायनर मी आजही त्याचाच बसवीन. ज्याला ४५ हॉर्सपॉवरवर पंधरा वर्षं नांगर ओढायचाय, त्याला एसजीचा काय उपयोग?

आता त्या पाव मिलिमीटरकडे येते.

कास्ट आयर्नच्या ब्लॉकमध्ये लोखंडी स्लीव्ह बसवताना दोन्ही धातू जवळपास सारखेच फुगतात. तिथे ०.०३ ते ०.०५ मिलिमीटरचा इंटरफिअरन्स, म्हणजे स्लीव्ह भोकापेक्षा तेवढी मोठी, पुरतो. ॲल्युमिनियमचा ब्लॉक असला की खरी अडचण सुरू होते. ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट फुगतं: एका अंशाला मीटरमागे सुमारे २२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लोखंड ११. स्लीव्हचा बाहेरचा व्यास ८२ मिलिमीटर धरा. गाडी गरम झाल्यावर ब्लॉक २० अंशांवरून ९५ ला गेला तर त्याचं भोक १३५ मायक्रॉनने मोठं होतं. आतली स्लीव्ह जास्त तापते, ती १२० अंशांना गेली धरली तरी ती फुगते ९० मायक्रॉन. म्हणजे थंडीत मोजलेल्या पकडीतले ४५ मायक्रॉन गरम इंजिनात उरतच नाहीत. ज्याने लोखंडी ब्लॉकची सवय म्हणून ०.०४ ठेवून स्लीव्ह बसवली, त्याची स्लीव्ह चालत्या गाडीत मोकळी फिरते. हे सैल बाजूचं.

घट्ट बाजूला आपली चौकट उभी आहे. ०.२५ ठेवा म्हणे. ब्लॉक भट्टीत दीडशे अंशांपर्यंत तापवला तर ८२ चं भोक उघडतं साधारण ०.२३. म्हणजे तापवूनही स्लीव्ह आत पडणार नाही, तिला ड्राय आइसमध्ये ठेवून आणखी ०.०८ आकसवावी लागेल. बरं, पडली एकदाची. ब्लॉक थंड झाल्यावर दोन सिलिंडरच्या मधली ॲल्युमिनियमची जी चिंचोळी भिंत असते, तिच्यावर दोन्हीकडून तो ताण येणार. ती तडकते. तडकली नाही तर स्लीव्ह अंडाकृती होते आणि शेजारचा बोअरही वाकडा होतो. ॲल्युमिनियममध्ये आम्ही साधारण ०.०७ ते ०.०९ च्या मध्ये राहतो, ब्लॉकची भिंत पाहून कमी-जास्त. आणि केवळ पकडीवर भरवसा ठेवत नाही. खाली स्लीव्हला टेकायला पायरी ठेवतो, वर कॉलर ठेवतो, म्हणजे हेड आवळलं की स्लीव्ह पायरी आणि हेडच्या मध्ये दाबून धरली जाते.

ही पायरी म्हणजे सगळ्या कामातली सगळ्यात दुर्लक्षित जागा. बोरिंगच्या तळाशी असते, वरून नीट दिसत नाही, आणि तिथे एक चिप अडकली किंवा पायरी जराशी तिरकी पडली तर त्या दिवशी काहीच कळत नाही. मागच्या वर्षी नाशिकरोडचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता. दुसरीकडून स्लीव्ह करून आणलेला ब्लॉक, इंजिन बांधून झालेलं, पाणी ओव्हरफ्लोच्या बाटलीतून बाहेर फेकत होतं. मुलाचं म्हणणं होतं हेड आवळायचे स्टड बदलायचे. मी हेड उतरवायला लावलं आणि डेकवरून डायल गेज फिरवला. दोन नंबरची स्लीव्ह डेकच्या ६० मायक्रॉन खाली गेलेली. केसाच्या जाडीएवढंही नाही, पण गॅस्केटला तेवढं पुष्कळ होतं. काढल्यावर खाली पायरीवर ॲल्युमिनियमची चपटी झालेली बर (कापताना राहिलेली कड) सापडली. म्हणजे स्लीव्ह बसवताना ती बरीवर टेकली होती, पायरीवर नाही. गरम झाल्यावर ॲल्युमिनियम दबलं आणि स्लीव्ह खाली आली.

वडील शांत गृहस्थ. त्यांनी एकच विचारलं, “ताई, हे आधी मोजता आलं असतं का?” आलं असतं. पाच मिनिटांचं काम. स्लीव्ह बसल्यावर एकदा, आणि ब्लॉक पुन्हा तापवून थंड केल्यावर एकदा, चार ठिकाणी डायल लावायचा. पण ज्यांनी काम केलं त्यांनी मुलाला दिलं होतं फक्त बिल. बिलावर ‘स्लीव्ह फिटिंग ४ नग’. मी त्या माणसांना नावं ठेवत नाही. त्यांच्याकडे कोणी मागितलंच नसेल तर ते तरी कशाला लिहून ठेवतील? आमच्या धंद्यात गिऱ्हाईक बोअरमध्ये बोट फिरवून ‘चकचकीत झालं’ म्हणतं आणि पैसे देऊन जातं. चकचकीत बोअर तर मला पाहवत नाही. तेल धरायला रेघा लागतात.

रेघांचा विषय निघालाच तर टॉर्क प्लेटबद्दल बोलू दे. हेडचे बोल्ट आवळले की ब्लॉक किंचित वाकतो आणि गोल बोअर गोल राहत नाही. त्यामुळे होनिंग करताना हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट बसवायची, तेच गॅस्केट, तेच बोल्ट, तोच टॉर्क. वाकलेल्या अवस्थेत बोअर गोल केला की हेड बसल्यावर तो गोलच राहतो. त्या नाशिकरोडच्या ब्लॉकमध्ये प्लेट लावल्याशिवाय बोअर गेज फिरवला तर तीन मायक्रॉनचा फरक दाखवत होता, बघून कोणीही खूश व्हावं. प्लेट आवळली आणि वरच्या भागात तोच फरक चाळीसवर गेला. रिंग एवढ्या वाकड्या भिंतीला चिकटत नाही. गॅस खाली जातो, तेल वर येतं, आणि पोरगा म्हणतो टर्बोचा सील गेला. टर्बो बिचारा धडधाकट असतो. ओपन डेकमध्ये, आणि नव्याने स्लीव्ह पडलेल्या ब्लॉकमध्ये, हा फरक जास्त येतो, म्हणून तिथे प्लेटशिवाय होनिंग करणं म्हणजे मजुरी पाण्यात. हे माझं ठाम मत आहे, आणि ते अण्णांना पटायला वेळ लागला. त्यांनी आयुष्यभर डिझेलचे जाड ब्लॉक केले, तिथे प्लेटवाचून अडत नव्हतं.

बाकीचं थोडक्यात. टर्बोला टॉप रिंगचा गॅप जास्त लागतो: साध्या इंजिनात ७५ च्या बोअरला ०.३० ठेवत असाल तर इथे ०.४५ च्या आसपास, नाहीतर तापून रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची लँड (रिंगांमधली कड) फुटते. फोर्ज्ड पिस्टन कुठल्या धातूचा ते पाहून क्लिअरन्स ठेवायचा, २६१८ नावाचा मिश्रधातू जास्त फुगतो, ४०३२ कमी. पिस्टनसोबत जो कागद येतो तो फेकू नका, होनिंगवाल्याला आणून द्या. आणि पिस्टन हातात आल्याशिवाय शेवटचं होनिंग करून घेऊ नका.

ओपन डेकच्या वरच्या फटीत कापून बसवायची जी पट्टी मिळते, ब्लॉक गार्ड, तिच्याबद्दलही लेखात कौतुक होतं. मी तिच्या बाजूची नाही. कड धरली जाते हे खरं. पण ठोकून बसवली की बोअर तिथेच आत दबतो, आणि जिथे पाणी सगळ्यात जास्त हवं तिथेच वाट अरुंद होते. बसवायचीच असेल तर आधी पट्टी, मग बोरिंग-होनिंग. लोक उलट करतात. त्यापेक्षा ज्यात चारही स्लीव्हच्या कॉलर एकमेकांना आणि बाहेरच्या भिंतीला टेकून डेक बंद करतात ती पद्धत चांगली. अमेरिकेतली डार्टन कंपनी अशा स्लीव्ह बनवते. त्या वेट असतात, म्हणजे पाणी थेट स्लीव्हला लागतं आणि खाली ओ-रिंग असते. जुनं ॲल्युमिनियमचं नळकांडं पूर्ण कापून काढावं लागतं, त्यामुळे चांगल्या व्हीएमसीशिवाय (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनशिवाय) आणि चारही भोकांचं अंतर नेमकं राखल्याशिवाय ते काम हातात घेऊ नये.

मुळात स्लीव्ह लागते का, हेही विचारायला हवं, आणि इथे मी माझ्याच धंद्यावर पाय देतेय. रोजच्या गाडीत अर्धा बार बूस्ट, नीट मॅपिंग (इंधन किती आणि ठिणगी कधी याचं गणित) आणि चांगला इंटरकूलर असेल तर मूळ स्लीव्ह पुष्कळदा पुरते. स्कोडा ऑक्टाव्हियाच्या १.८ टीएसआयचा ब्लॉक कास्ट आयर्नचा आहे. बोअर ओरखडला नसेल तर त्यात स्लीव्ह घालायला मी नकार देते. चांगला जाड ब्लॉक पोखरून त्यात पातळ नळी घालायची कशाला? तिथे पैसे पिस्टन-रॉडवर आणि ट्यूनिंगवर घालावेत.

ट्यूनिंग माझं क्षेत्र नाही. पण फुटलेल्या स्लीव्ह माझ्याच टेबलावर येतात, म्हणून एवढं सांगते की त्यांतल्या बहुतेक दाबाने फुटत नाहीत, नॉकिंगने फुटतात. आणि नॉकिंगचं मूळ कधीकधी माझ्याच कामात असतं: स्लीव्ह आणि ब्लॉक यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली तर तिथे हवेचा पापुद्रा राहतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, भिंत एका ठिकाणी तापते, आणि तिथून नॉक सुरू होतो. मग ती स्लीव्ह कितीही भारी धातूची असो. शिवाय पेट्रोल बदललंय. २०२५ मध्ये देशभर वीस टक्के इथेनॉलची मिसळ झाली. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेत निव्वळ पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के इंधन जास्त जायला हवं. नव्या गाड्यांचा सेन्सर ते सांभाळतो. पण ज्याच्या जुन्या सिटीत सुटा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आहे, मॅप आधीच्या पेट्रोलवर बनवलेला आहे आणि फुल थ्रॉटलला तो सेन्सरकडे बघतच नाही, ती गाडी बूस्टवर लीन चालते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) दहा सेकंद चालवून सगळं ठीक दिसतं. मुंबईहून येताना कसारा घाट चढताना, एप्रिलच्या दुपारी, एसी लावून, पाय दाबलेला असताना ते ठीक असतं का, हे कोणी पाहत नाही.

कायद्याचं लेखात काहीच नव्हतं, ते खटकलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ मापाची स्लीव्ह घालून ब्लॉक दुरुस्त करणं वेगळं. उलट ब्लॉकवर इंजिन नंबर असतो, तो आरसीवर असतो, म्हणून ब्लॉक बदलण्यापेक्षा स्लीव्ह घालून तोच वाचवणं आरटीओच्या दृष्टीनेही सुटसुटीत. पण बाहेरून टर्बो लावून ताकद दुप्पट करणं रस्त्यासाठी नाही. नाशिकला रॅलीची परंपरा आहे, रॅली ऑफ महाराष्ट्र इथेच व्हायची, आमच्या शेडमध्येही रॅलीचे ब्लॉक आलेत. परवाना काढून, रोल केज घालून, बंद रस्त्यावर गाडी पळवा, मी हौसेने होनिंग करून देईन. कॉलेज रोडवर रात्री पळवायची असेल तर आमच्या शेडची पायरी चढू नका, हे मी तोंडावर सांगते.

आता मला खरं मागायचंय ते. स्लीव्हचं काम करून घेणाऱ्या प्रत्येकाने मापांचा कागद मागावा. प्रत्येक सिलिंडरचं ब्लॉकमधलं भोक किती केलं, स्लीव्हचा बाहेरचा व्यास किती होता, मापं किती तापमानाला घेतली. स्लीव्ह बसून ब्लॉक थंड झाल्यावर ती डेकच्या वर किती किंवा खाली किती. आणि टॉर्क प्लेट लावून शेवटचा बोअर वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांना किती. अर्ध्या पानात मावतं. हे लिहून द्यायला जो कुरकुरतो, त्याच्याकडे एकतर गेज नाही किंवा गेज आहे आणि उत्तर आवडलेलं नाही. आधी पैसे देऊन मग कागद मागू नका, काम टाकतानाच सांगा.

नाशिकमध्ये मोजता येत नाही असं कोणी म्हणू नये. मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, डिझेल इंजेक्शनच्या नोझलमध्ये सुई आणि बॉडी यांच्यात दोन-चार मायक्रॉनचा खेळ राखणारे हात याच शहरात तयार झाले. ओझरला विमानं बनली. सातपूर-अंबडच्या गल्लीगल्लीत बोअर गेज आणि सीएमएम (सूक्ष्म मापं घेणारी मशीन) आहेत. अडचण एवढीच की हजारांच्या लॉटसाठी लावलेलं मशीन एका पोराच्या एका ब्लॉकसाठी कोणी थांबवत नाही, आणि छोट्या शेडवाल्याला प्रत्येक इंजिनाची वेगळी टॉर्क प्लेट बनवणं परवडत नाही. जाड पोलादाची प्लेट, ग्राइंड केलेली, चार भोकं बोअर केलेली, वर्षात दोनदा लागणार. म्हणून लोक प्लेटशिवाय होनिंग करतात.

यावर एक सोपा मार्ग आहे. सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये टॉर्क प्लेटांचं एक कपाट ठेवावं, अनामत घेऊन कोणत्याही शेडला वापरायला द्याव्यात, आणि नव्या प्लेटा तिथल्याच मशिनिस्टच्या मुलांनी सरावाचा जॉब म्हणून कराव्यात. फाइल घासून ठोकळा चौकोनी करण्यापेक्षा तो जॉब पोरांना जास्त शिकवेल. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांनी मनावर घेतलं तर पोलादाचा तुकडा काही मोठी गोष्ट नाही, अंबडमध्ये कापून उरलेल्या प्लेटा भंगारात जातात. आपल्या पुरवणीने हा विषय लावून धरावा, आणि तोवर चौकटीतला ०.२५ हा आकडा पुढच्या रविवारी दुरुस्त करावा ही विनंती.

कपाट झालं तर आमच्याकडची सिटीची आणि एस्टीमची प्लेट मी त्यात ठेवायला तयार आहे. बोल्ट मात्र ज्याचे त्याने आणावेत. मागे एकाला दिले होते, ते अजून आलेले नाहीत.

आपली,
एक वाचक
(इंजिन बोरिंग व होनिंग)
अंबड, नाशिक